दोनशे चौदा शेअर

चार-एफ विकायला निघालं तेव्हा
जाहिरातीत होतं : युद्धापूर्वीची इमारत.
कुठल्या युद्धापूर्वीची, ते लिहावं लागत नाही.
त्यानंतर किती झाली,
घरांच्या भावात मात्र तेच एक धरतात.

एकच खोली. छत नऊ फुटांवर.
उभा करून भिंतीत मिटायचा लोखंडी पलंग.
खालून किराणा ओढून घ्यायचा झरोका,
रंगाखाली दार बुजलेलं.
फोनचा कोनाडा; त्यात फोन नाही,
इर्मगार्ड तिथे लिंबू ठेवायची. एकच.
सुकलं की बदलायची.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
मॅनहॅटनच्या या उत्तर टोकाला
घर पाहावं मुलाखत देऊन.
आणि तेही घर नाहीच, शेअर :
चार-एफचे दोनशे चौदा.
भिंती मंडळाच्या, नळ मंडळाचे,
वाफ तळघरातल्या झेफच्या मर्जीची.
जानेवारीत रेडिएटर असा तापतो
की खिडकी उघडून आम्ही
रस्त्याला ऊब देत बसतो.

तिची एकावन्न वर्षं, माझी चौतीस
या एका भिंतीच्या दोन बाजूंना गेली.
लिफ्टमध्ये गुड मॉर्निंग,
चुकून आलेल्या टपालाची देवाणघेवाण.
एकदा बर्फात चावी हरवली तिची,
तेव्हा माझ्याकडे अर्धा तास बसली,
कोट न काढता.
एवढीच ओळख.

पण रात्री साडेदहाला पलंग खाली यायचा.
धप्प.
मग जराशी कुरकुर, मग काही नाही.
भिंतीला कान असतात खरे,
आमच्या भिंतीला मनगट होतं.
घड्याळाला किल्ली देणं मी केव्हाच सोडलं होतं.

मार्चमध्ये एका रात्री साडेदहा वाजलेच नाहीत.
अकरापर्यंत थांबलो.
मग झेफला उठवलं.

पलंग भिंतीतच, उभा.
ती खुर्चीत,
कोट घालून.

मंडळ बसलं लाँड्रीशेजारी, पाच जण,
मागे कुणाचा तरी ड्रायर फिरतोय,
त्यात एक बटण कडकड वाजतंय.
योकास्ता व्हेंचुरा, एकतीस वर्षं, रात्रपाळीची नर्स.
बँकेचे कागद, तीन शिफारसपत्रं,
पायात अजून इस्पितळाचे बूट.
मिसेस आब्रामोव्हनी विचारलं,
वाद्य वाजवता? नाही.
कुत्रा? नाही.
मासे तळता?
ती हसली. खिडकी उघडून.
मी विचारलं, झोपता कधी?
हा प्रश्न यादीत नव्हता.
दिवसा, म्हणाली.
कोणी झोपू दिलं तर.

चार हात वर गेले.
माझा मांडीवरच राहिला.
विरोध नव्हता माझा.
हात वर केला की ती खुर्ची
खरोखरच रिकामी होईल, असं वाटलं.

झेफने रंग दिला, अकरावा की बारावा थर,
खोली आणखी एका केसाएवढी लहान झाली.
ती आली जूनमध्ये.
तीन आठवडे भिंत मुकी.
पलंगाची स्प्रिंग गंजली होती,
जमिनीवर झोपत होती म्हणे, गादी टाकून.

मी तेलाची कुपी घेऊन गेलो.
दार उघडलं साखळीपुरतं.
मिस्टर व्हेलन, तुम्हीच ना तो,
हात वर न केलेला?
हो, म्हटलं. तेल आहे माझ्याकडे.
साखळी काढायला तिने जरा वेळ घेतला.

झेफ, ती आणि मी, तिघांनी ओढला.
आला खाली, दात खात,
आणि मागून काहीतरी घरंगळत आलं :
लिंबू, लाकडासारखं टणक.
तिने उचललं, हुंगलं,
कचऱ्यात टाकलं.
बरोबरच केलं.
कोनाड्यात आता तिच्या चाव्या असतात.

हल्ली सकाळी पावणेनऊला :
धप्प.
मी तेव्हा कॉफी ओतत असतो.
रेडिओ बंद करतो.
रस्त्यावर कचऱ्याची गाडी आलेली असते,
शाळेची पोरं ओरडत असतात, ऊन असतं,
त्यातलं काहीच मला थांबवता येत नाही.
कप तेवढा
बशीवर हळू ठेवतो.