हवा लागू नये म्हणून

मका चिकात आला तेव्हाच कापला.
दाणा नखानं दाबला तर चीक यावा, धार लागू नये,
एवढाच काय तो मुहूर्त.
खाजामियाँनी कुट्टीचं मशीन रात्री अकरापर्यंत चालवलं.
खड्ड्यात थर तुडवत मी, नणंद अयोध्या
आणि भाड्याचा ट्रॅक्टर,
पुढं मागं, पुढं मागं,
टाच रुतायची थांबेपर्यंत.

मधे मधे मीठ, गुळाचं पाणी, डेऱ्यातलं ताक.
वर कागद, कागदावर माती,
मातीवर चार पंक्चर टायर.
हवा लागली की संपलं,
उदगीरच्या डॉक्टरांनी तीनदा सांगितलं.
मी मान हलवली.
हवा लागली की काय होतं ते आमच्या घरात ठाऊक आहे,
धाकटे दीर पुण्याहून परतल्यापासून.

बांधावरून गुंडेराव बोलले,
"पाणी कुठंतरी मुरायलंय, दैवशाला.
चांगली हिरवी वैरण पुरायलीस म्हंजी काय?"
मुरू द्या, म्हटलं.

पंचेचाळीस दिवस त्या खड्ड्याला वळसा घालून गेले,
निजलेल्या लेकराला घालतात तसा.
कागद आधी फुगला, मग बसला.
एवढंच दिसलं.
आईचं आंबिलीचं मडकं चुलीकडेला असंच असायचं,
झाकण उचललं की हातावर उलथनं.

पाडव्यानंतरच्या सोमवारी तोंड उघडलं.
लोणच्याचा वास, थोडा ताडीचा,
आणि तळाशी काहीतरी गोड, ज्याला नाव नाही.
मूठ दाबली. पाणी निथळलं नाही.
गोळा हळूहळू सैल झाला,
भांडण विसरलेलं माणूस बोटं सोडतं तसा.

एका कोपऱ्यात घुशीनं कागद फाडला होता.
तिथं पांढरी बुरशी. हात घातला तर ऊन ऊन.
चार पाट्या उकिरड्यावर टाकल्या.
गुंडेराव बघायले होते. मी लपवलं नाही.

दोन्ही संकरित गाई तुटून पडल्या.
शेवरी, आमची देवणी,
हुंगून मान फिरवून उभी राहिली.
तिसऱ्या दिवशी कडब्यात मूठभर कालवलं,
तिनं कडबा वेचून खाल्ला, मूठभर तसंच.
मी पण हट्टी.
सातव्या दिवशी गव्हाण चाटून लख्ख.

फॅट तीन-सहा होता, तीन-नऊ लागला.
डेअरीवरच्या पोरानं पुन्हा मोजून बघितलं.

काल दिवेलागणीला गुंडेरावांची मालकीण आली,
नुसता वास बघायला, म्हणाली,
पदराखाली पाटी होती.
भरून दिली.
ती वळायच्या आत
मी कागद ओढला, टायर सरकवला,
वर बसले.