कलम अकरा

मुणगेकर वकीलबाईंनी चष्मा पुसला
आणि विचारलं,
"तुमच्यातलं एक कुणी मेलं तर?"
मी, फैयाज, तुळशीदास
वेंगुर्ला बंदराकडच्या त्या माडीवर
चहाच्या कपांत बघत राहिलो.
होडी पाण्यात लोटायच्या दिवशी
असं कोण बोलतं?

नाव आधीच हातचं गेलेलं.
'सुरमई' म्हणे नागपुरात कुणीतरी नोंदवून ठेवलीय.
मग फैयाज म्हणाला, निवटी.
चिखलात उड्या मारणारा, डोळे वटारलेला तो जीव
कुणालाच नको होता.
दोन दिवसांत मंजूर.

पत्ता : बर्फाच्या कारखान्यामागची खोली.
वीजबिल अजून आबांच्या नावावर,
आबांना जाऊन सहा वर्षं.
ना-हरकत कुणाची आणायची?
"वारस किती?" बाई म्हणाल्या.
मी बोटं मोजली
आणि बोरिवलीची आत्या विसरले.

कलम म्हटलं की आमच्याकडे
हापूसची फांदी, चिरलेली साल, घट्ट आवळलेली पट्टी.
बाईंची कलमं कोरडी.
शेअर चार वर्षांत पिकणार,
पहिल्या वर्षाच्या आत उतरलात
तर हात हलवत घरी.
फैयाज हसला. मग हसायचा थांबला.

तुळशीदास एरवी बोलत नाही. तो बोलला.
"आजोबा रापणीत होते.
दोराला हात लावण्याआधी वाटे बोलायचे.
जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्याचा.
वाळूत मासे फडफडायला लागले
की कुणाचंच गणित सरळ येत नाही."

"डबीतला प्रोग्रॅम कुणी लिहिला?"
मनवेलने.
दोन मे महिने, धक्क्यावर बसून, माझ्या लॅपटॉपवर.
आता तो मस्कतला आहे.
"कागद केलात?"
मैत्रीत केलं, बाई.
"मग तो अजून त्याचाच आहे."

रात्री फोन लावला.
मी सही मागितली, कारण सांगितलं, बर्फाचं, ट्रकचं, कोल्हापूरच्या व्यापाऱ्याचं.
तो ऐकत होता. पाठीमागे क्रेनचा आवाज.
मग म्हणाला,
"माझो वाटो खंय आसा?"

मला राग आला. खरंच आला.
फोन ठेवून मी पाणी प्यायले, परत प्यायले,
तेव्हा कुठे कळलं
की हे तर तुळशीच्या आजोबांचंच वाक्य,
फक्त उशिरा विचारलेलं,
आणि उशीर त्याने केलेला नव्हता.

तीन टक्के.
सही केलेल्या पानाचा फोटो आला,
कोपऱ्यात त्याचा अंगठा, काळं ग्रीस लागलेला.

राहिलं कलम अकरा :
आपण फुटलो, तर नाव कुणाचं?
फैयाज म्हणाला, सुचलं मला.
तुळशी म्हणाला, निवटी पकडून कुणी दाखवली होती तुला?
मी म्हटलं, ही जागा कोरी सोडू या.
बाईंनी पेनाला टोपण लावलं.
"कोऱ्या जागेखाली सही नाही. उद्या या."

जिना उतरलो. खाली लिलाव सुरू झालेला,
बांगड्याच्या टोपल्या, शिव्या, पावत्या.
फैयाज पुढे, आम्ही मागे, कुणी बोलेना.
माझ्या तळहातावर डबी,
आजूबाजूला बर्फ नाही म्हणून
एकसारखी ओरडत होती.