कारणाचा रकाना

दाखला-विभागात सतरावं वर्ष माझं.
काचेला हातभर खिडकी,
खिडकीशी उभे बाप,
त्यांच्या पाठीमागे मुली, फरशी मोजत असल्यासारख्या.
"ओरिजिनल परत द्या."
कुणी देवासचे, कुणी खरगोनचे,
कुणी इथलेच, पलासियाचे, कारची किल्ली बोटात फिरवत.

रजिस्टरात शेवटचा रकाना: कारण.
मी विचारते. ते थांबतात.
मग म्हणतात, लिहा, घरगुती.
जूनपासून एकसष्ट वेळा लिहिलंय.
इतकी घरं एका पावसाळ्यात बिघडली इंदुरात,
तरी छप्पन दुकानवर बसायला जागा नाही.

फोटो तुम्हीही पाहिला असेल.
वसतिगृहाचा जिना, पिवळा दिवा,
कुलसचिव फादर इग्नेशियस तिर्की,
आणि त्यांच्या दंडाला धरून वाकलेली मुलगी.
खाली तीन ओळी हिंदीत,
शेवटी जोडलेले हात.

तो जिना मला ठाऊक आहे.
बाराव्या पायरीची फरशी हलते.
सिस्टर लिसी केरळात गेल्या होत्या,
त्यांच्या जागी आठवडाभर मी झोपायला होते.
रेशम डावरला सिकलसेलची कळ आली.
हाडांत काच फुटते, म्हणायची ती.
गाडी फादरांकडे. उजवी बाजू त्यांनी धरली,
डावी मी.

फोटोत डावी बाजू नाही.
नीट पाहा, कडेला बोटभर निळं आहे,
ती माझी इरकल.
कुणी कापलं, कळलं नाही.
कात्री लागत नाही आता, अंगठा पुरतो.

'मुजुमदार परिवार'मध्येही आला तो.
रामबागेतल्या दिरांनी टाकला:
वहिनी, तुमचंच ना ते फादरांचं विद्यापीठ?
मी लिहिलं. पुसलं. परत लिहिलं.
लेकीचं स्थळ चालू आहे, हे मधे आठवलं.
पावणेबाराला पाठवलं एकदाचं:
त्या चित्रात मी आहे, कापलेली.
त्यावर एक अंगठा,
मग आत्यांचा सकाळचा बाप्पा,
मग कुणाच्या तरी लग्नाची पंचविशी, केकसकट.

चौकशी झाली. बिशपांची दोन माणसं, सरकारचा एक.
काही निघालं नाही.
ते 'काही नाही' फाटकाशी काचेत लावलंय,
सहीशिक्क्यासह, ओल धरलेलं.
पालक वाचतात, मान हलवतात,
म्हणतात, पण आगीशिवाय धूर...
आणि पुढचं वाक्य माझ्याकडून हवं असतं त्यांना.

फादर आता टेबलापलीकडून बोलतात,
दार सताड, पंख्याने कागद उडतात तरी.
बाराच्या घंटेला पेरूखाली यायचे, येत नाहीत.
पेरू पोपटांनी संपवले.
परवा एक पोर ओल्या पायरीवर घसरली.
त्यांचा हात पुढे गेला
आणि अर्ध्यातून परत खिशात.
हे मी पाहिलं.
याचा फोटो कुणी काढला नाही.

आज रेशमचा बाप आला, आलिराजपूरहून, रात्रीच्या बसने.
पिशवीत मक्याची कणसं, फादरांसाठी.
म्हणाला, गावात सगळ्यांच्या फोनवर आहे.
पोरगी म्हणते शिकते. गाव म्हणतं आण.
मी रकान्यावर बोट ठेवलं.
"तुम्हीच लिहा, ताई. तुम्हाला माहीत आहे."

'घ' काढला. खोडला.
लिहिलं: डावीकडे मी होते.

बसंतने न वाचता शिक्का मारला.
जांभळा, गोल, मधोमध क्रूस,
नेमका त्या ओळीवर.
आता नुसतं 'डावीकडे' दिसतंय.