आधी खाली उतरव

सावळजच्या माळावर सकाळी साडेसहाला
मी ड्रोन उडवत होतो.
द्राक्षांवर दावण्या, टाकी दहा लिटरची,
एकरी पाचशे.

फोन आला. रणधीरदादा, पंधरा दिवसांनी.
कुठून, ते तो सांगत नाही;
आम्हीही विचारत नाही.

"आईचा गुडघा…" एवढंच बोलला
आणि गप्प.
मला वाटलं, रेंज गेली.
मग त्याचा श्वास ऐकू आला.

"कसला आवाज हा?"
"आपलाच की. हप्त्यावर घेतलाय."
"आधी खाली उतरव."

उतरवला.
पाती थांबेपर्यंत दोघंही बोललो नाही.
मांडवावरून औषध टपटपत राहिलं.

मग म्हणाला, "आता सांग,
घड किती सुटलेत यंदा?"

मी एका वेलीचे मोजून सांगितले.
त्यानं पुन्हा मोजायला लावले.