येन

रुवीत एक्स्चेंजच्या काचेमागे
लाल आकडे हलतात.
लबन आणि पावाची पिशवी सावरत मी थांबते.
खालून तिसरी ओळ.
आकडा उतरला की आमचं देणं चढतं,
हे कळायलाच मला वर्ष लागलं.

व्याज नाममात्र, बँकेतला लेबनीज पोरगा म्हणाला होता,
रियालमध्ये घ्याल तर तिप्पट.
यशोधननं पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला:
जपानचं कर्ज, मँचेस्टरचा फ्लॅट,
भाड्यातून हप्ता,
आपण नुसतं बघत बसायचं.

बघतोय.
येन वधारला, पौंड बसला,
चार वर्षं फेडून मुद्दल
घेतलं त्याहून जास्त.
दोनदा बेरीज केली मी. बरोबर होती.

काल तिथल्या भाडेकरू मुलीचा निरोप,
मोरीचा नळ गळतोय.
यशोधननं रात्रीच प्लंबर पाठवला, साठ पौंड.
आमच्या मोरीत मार्चपासून बादली आहे,
घरमालक सलालाहून फोन उचलत नाही.

तो फ्लॅट आम्ही पाहिलेला नाही.
फोटोत एक खिडकी, करडं आभाळ,
कुणाची तरी सायकल.
जपान तर नकाशातच.

आई फोनवर विचारते, यंदा तरी कधी?
सवयीनं म्हणते, येन गं,
आणि आपल्याच तोंडून तो शब्द ऐकून
गप्प होते.

कसला आवाज येतोय गं, ती विचारते.
काही नाही, म्हणते मी.
नळ आहे.