तीन बोटं रुंद

मुहर्रकच्या जुन्या बाजारामागे, एसीच्या गळत्या पाण्याने
हिरव्या पडलेल्या भिंतीला लागून लुलवाबाईंचा छापखाना.
मी तिथे तांब्याला अंधार लावतो.

हसू नका, कामच ते आहे.
गुळगुळीत पत्रा, अर्धगोल दातेरी पोलाद,
पाळणा हलवावा तसं डावं-उजवं, डावं-उजवं,
मग पत्रा जरासा फिरवायचा आणि पुन्हा.
सोळा दिवस. मनगट झोपेतही झुलतं.
शेवटी तांब्याला मखमलीसारखी लव येते.
तसाच छापला तर कागद
अमावस्येला विहिरीत वाकून पाहावं एवढा काळा.

उजेड बाईंचा. त्या येतात, चष्मा कपाळावर,
खरवडणीने थोडा थोडा काळोख काढून घेतात
आणि कुठूनसा सित्राचा किनारा वर येतो,
ओहोटीचा चिखल, रिफायनरीची ज्योत,
किंवा नुसतंच काहीतरी, जे बघून घसा दाटतो
आणि नाव विचारलं तर त्या खांदे उडवतात.

बाराव्या दिवशी फोन आला.
वहिनी होती. मागे कडबाकुट्टी चालू होती,
म्हणून तिला ते दोनदा सांगावं लागलं.
सुबराव. मोटर चालू करायला गेला होता.
ओले पाय.

हात पुन्हा चालू झाला,
पण कुठे थांबला होता ते त्याला सापडलं नाही.
पत्र्याच्या मधोमध, तीन बोटं रुंद,
एक पट्टी राहून गेली, चकचकीत, कोरी.
सोळाव्या दिवशी मी मान खाली घालून म्हटलं,
नवा पत्रा माझ्या पगारातून कापा.
बाईंनी पट्टीवरून अंगठा फिरवला.
कोण?
धाकटा.
त्यांनी खरवडणी उचललीच नाही.
शाई मागितली.

आता तो कागद मनामात, काचेआड.
वर काळं, खाली त्याहून काळं,
मधे ती.
सुटातला एक माणूस बायकोला दाखवतो,
बघ, समुद्रावर पहाट होतेय.
ती म्हणते, समुद्र कुठला, वाळवंट आहे.
दोघं बराच वेळ उभे राहतात. तिचे डोळे भरून येतात,
का ते तिलाही कळत नसावं.

सांगावंसं वाटतं, पहाट नाही ती, बाई.
मी तिथे नव्हतो, एवढंच आहे ते.

पण माझ्या हातात सरबताचा ट्रे,
आणि ग्लास एकमेकांना लागून
किणकिणायला लागलेत,
डावं-उजवं.