थोडी धुरजड

खोली आधी झाली, गाडी नंतर.
अंबडच्या शेडमध्ये गांगुर्डेनं वेल्डिंग मारलं:
सहा बाय दहा, दोन चाकं, वर पत्रा,
आणि एक खिडकी शालनच्या उशीशी,
कारण ती म्हणाली, सदतीस वर्षं
डोळे उघडले की मला कपाटच दिसलंय.

आता हे ओढणार कोण?

भाच्यानं त्याची नवी गाडी आणली. लाल.
तिच्या पडद्यावर नाशिकला पाऊस पडत होता,
काचेबाहेर कडक ऊन.
गंगापूर रोडला गुमान चालली,
सावळघाटाच्या दुसऱ्या वळणाला
क्लचचा वास आला, करपलेल्या पापडासारखा.
मामा, पॉवर आहे हिला, भाचा म्हणाला.
असेल.
वरातीतल्या घोड्यालाही असते.

द्वारकेच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात
देवरे बॉनेटवर हात फिरवत
ताकदीचे आकडे सांगत राहिला.
मी विचारलं, मागे ओझं असताना थांबते कशी?
तो म्हणाला, काका, लोक गाडी पळायला घेतात.
आरटीओत हुकाचं विचारलं,
तर खिडकीतल्या बोटानं दुसरी खिडकी दाखवली.
दुसरीतल्या बोटानं पहिली.

मग पिंपळगावच्या वजनकाट्यावर
टोमॅटोच्या क्रेटांमागे आम्ही रांगेत उभे.
काटेवाला म्हणाला, यात माल कुठाय?
चिठ्ठी आली: पाचशे ऐंशी. रिकामी.
शालननं चिठ्ठीच्या पाठीवर लिहायला घेतलं:
पाणी साठ लिटर, म्हणजे साठ किलो,
शेगडी, सिलिंडर, दोन गाद्या,
पितळी पातेलं.
पातेलं मी खोडलं.
तिनं पुन्हा लिहिलं. या वेळी झाकणासकट.

युनूस मिस्त्रीनं हुकाखाली
घरातला वजनाचा काटा विटेवर ठेवला,
उकिडवा बसून बघत राहिला. म्हणाला, नाक हलकं आहे, शेपूट डुलणार.
आणि मला एकदम वडिलांचा शब्द आठवला,
आडगावहून पहाटे भाजी घेऊन निघताना
गाडीच्या मागं उभं राहून ते म्हणायचे तो:
उलाळ.
उलाळ गाडी बैलाचा गळा आवळते,
फार धुरजड झाली तर मान मोडते.
थोडी धुरजड बरी.
आम्ही पाण्याची टाकी पुढे सरकवली.
युनूसभाई म्हणाला, हाच शब्द शोधत होतो,
आमच्यात याला शब्दच नाही, नुसते किलो आहेत.

गाडी मिळाली ती कळवणच्या एका ढोरांच्या डॉक्टरची.
जुनी बोलेरो, पांढरी होती असं कागदावर लिहिलेलं.
मागच्या सीटला अजून टिंक्चरचा वास,
टपावर दोरखंडाचे वळ.
डावा मागचा दरवाजा उघडला, लावला.
तो आवाज मला ओळखीचा.
बावीस वर्षं सातपूरला लाइनवर
मी हाच एक दरवाजा बसवत होतो,
हाच, डावा, मागचा.
माझ्या हातचा असेल, नसेल.
बिजागरी काही बोलत नाही.

पण त्यासाठी नाही घेतली.
घेतली सावळघाट उतरताना.
दुसरा गियर टाकला, पाय काढला,
आणि तिनं घोगऱ्या आवाजात नुसतं हूं म्हणून
मागची अख्खी खोली, पाणी, पातेलं
अंगावर येऊ दिलं नाही.
वर चढताना ट्रक, एसटी, एक दुधाची रिक्षा,
सगळ्यांनी आम्हाला मागं टाकलं होतं.
शालन त्यांना हात करत होती.

घाटातच एका रुंद वळणावर थांबलो.
हँडब्रेक ओढला. पुरेसा होता.
तरी ती उतरली, ओढ्याच्या कडेनं
दोन्ही हातांत दगड घेऊन आली,
चाकाखाली सारला, टाचेनं ठोकून पाहिला.
मग खोलीत जाऊन आडवी झाली.
बराच वेळ खिडकीतून काही बोलली नाही.

निघताना मी दगड फेकणार,
तर म्हणाली, राहू दे, चांगला बसलाय.
आणि चिठ्ठी काढून पातेल्याखाली लिहिलं:
दगड, अंदाजे चार किलो.

मग मला विचारलं,
हा पुढे ठेवायचा की मागे?